उजेडाचा डाग

धनज, तांडा
११ एप्रिल २०२४

गोमती,

हे पत्र तुह्या खानावळीच्या पत्त्यावर टाकून राह्यली. घरच्या पत्त्यावर टाकलं असतं तर भाऊजींच्या हाती पडलं असतं, आणि फोन तुमच्या घरी एकच, तो बी त्यायच्याच खिशात. होळीले करणच्या बापूनं आपल्या भावाले फोनवर जे म्हटलं, ते तू चाकणले बाजूले बसून आयकलंच असशील. मी इथं चुलीपाशी आयकलं. "माह्या पोराचे डोळे तू खाल्ले. आजपासून तू मले भाऊ नाही." तवापासून या घरात प्रेमसिंग हे नाव कोणी घेत नाही.

पण मी भांडणाचं लिहायले नाही बसली. मले तुले भाजीचं इचारायचं हाय.

आधी करणचं सांगते, कारण भाऊजींनी तुले किती सांगतलं ते मले ठाऊक नाही. दिवाळीले तो तुमच्याकडून घरी आला तवा म्हणे, मोबाईलवरची अक्षरं मधातून गायब होतात. आमाले वाटलं, चष्मा लागला. कारंज्याले चष्मा केला, त्यानं काही फरक पडला नाही. मंग एका बाजारी मी त्याच्या पुढ्यात थैली घेऊन उभी होती, तर तो मले म्हणे, "मावशी, जरा सरका." आपल्या मायले. मी सरकली, गोमती. घरी येऊन सुनेले, नितीले सांगतलं तवा ती रडाले लागली, म्हणे त्यायले माहं तोंड बी दिसत नाही, मले माहीत हाय, पण त्यायनं शपथ घातली होती. नवी नवरी, तिनं ते इतके दिवस पोटात ठेवलं.

अकोल्याले डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरीणबाईनं मशीनवर फोटो काढला आणि आमाले दाखवला. नारंगी थाळीसारखा पडदा, आणि मधोमध डाग. बाईनं इचारलं, काम काय करतोस? करण म्हणे, वेल्डिंग. काच धरत होतास का? त्यानं मान खाली घातली. टाका मारताना काच वर उचलावी लागे, म्हणे, नाहीतर जोड कोठी हाय तेच दिसत नाही. काका बी तसंच करे, त्याचंच पाहून मी शिकलो. करणच्या बापूनं तेवढंच वाक्य धरलं, बाकी काही आयकलंच नाही.

मी मात्र सगळं आयकलं. बाई म्हणे, पडद्याच्या मधात एक पिवळा ठिपका असते. आपण समोरचं तोंड पाहतो, अक्षर वाचतो, ते त्याच्याच जिवावर. त्याचा पिवळा रंग म्हणजे मिरचीच्या रोपावर टाकलेली जाळी समज. तेज उजेड तो आपल्या अंगावर झेलते. पण तो रंग आपलं शरीर बनवत नाही, खाण्यातूनच येते. हिरव्या पालेभाज्या, पिवळा मका, अंड्याचा बलक. कागदावर तिनं अँटीऑक्सिडंट असा शब्द लिहून देला. करणनं इचारलं, म्हणजे लोखंडाले रेड ऑक्साइड मारतो तसं? बाई हसली. म्हणे, तसंच, पण गंज चढायच्या आधी मारायचं असते. गेलं ते भाजीनं परत येईल असं मी सांगणार नाही. डाग ताजा हाय, विश्रांती घेतली तर काही भरून येऊ शकते. जे उरलं ते जप. वेल्डिंग बंद, बिडी बंद, उन्हात गॉगल, आणि ताटात रोज भाजी.

आता तूच सांग, करण आणि भाजी. मी चिवळ केली, पालक केला, शेवग्याचा पाला केला, नितीनं मेथी करून पाह्यली. ताट सरकवते आणि लोणच्यासंगं बाटी खाऊन उठते. जीव एवढा टांगणीले लागला तरी त्याची जीभ आयकत नाही. म्हणते, घशाखाली उतरतच नाही, माय.

पण तुह्या हातची खाये. तुह्या पदरात लेकरू नव्हतं आणि माह्या पदरातलं तुह्याच मांडीवर वाढलं. तू वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून पदराचा वटा भरून पाला आणे आणि त्याले चुलीसमोर बसवून सांगे, ही भाजी नाही, हे हिरवं मटण हाय, कोणाले सांगू नको. आणि तो खरंच कोणाले सांगत नसे. आपली सासू मोतीबाई म्हणे, माह्या घरात दोन सुना आल्या, एकीनं पोर आणलं आणि एकीनं त्याले जेवाले घातलं. मले तवा राग येत होता त्या बोलण्याचा. आता येत नाही.

तू कशी करत होती ते लिही. भाऊजींले सांगायचं का नाही ते तुहं तू पाय.

रुखमा


धनज, तांडा
४ जुलै २०२४

गोमती,

तुहं पत्र आलं. चारच ओळी लिहिल्या, तरी मी त्या चुलीजवळच्या भिंतीले खिळ्यावर लावून ठेवल्या.

तू लिहिलं तसंच केलं. रानातल्या तरोट्याचा पाला कोवळा हाय तवरच खुडायचा, दोन पानं फुटली की लगेच. उकडून पाणी पिळून टाकायचं. तुरीची डाळ भरड वाटून त्यात कालवायची, लसूण ठेचून, आणि तेलाले हात आखडायचा नाही. इथंच माहं चुकत होतं. मी भाजी कोरडी करत होती. आणि गंमत पाय, डॉक्टरीणबाई बी तेच म्हणत होती, भाजीत तेल-शेंगदाणे असू द्या, तो रंग तेलासंगंच अंगी लागते. तुले ते कोणत्या डॉक्टरनं सांगतलं होतं? तुही माय तशी करे, म्हणून तू तशी करे, एवढंच.

करणनं पहिला घास घेतला आणि थांबला. मंग म्हणे, "ही काकीची हाय." त्यानं दुसरी बाटी मागितली. नितीनं माह्याकडं पाह्यलं आणि मी चुलीत फुंकर मारत बसली, धुरानं डोळ्यात पाणी आलं असं वाटावं म्हणून.

करणच्या बापूनं बी खाल्ली. एवढा पाठचा भाऊ तोडला त्या माणसानं, पण भाजी ओळखली नसेल असं मले वाटत नाही. कोणाकडून शिकली ते इचारलं नाही. ताट पुसून खाल्लं आणि बैलायकडं गेले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी धुऱ्यावर गेली. आपण दोघी जायचो ते आठवलं. तू पुढं, मी मागं, तुह्या बांगड्या कोपरापर्यंत, आणि पाला खुडता खुडता तुहं गाणं सुरू. एकदा जगदेव पाटलाच्या वावरात शिरलो होतो आपण चिवळीसाठी, आणि पाटील आला तर तू त्यालेच म्हटलं, तुमच्या पऱ्हाटीतलं तण फुकटात काढून देऊन राह्यलो, पाटील, उलट चहा पाजा. आणि त्यानं खरंच घरून चहा आणवला. आता त्या धुऱ्यावर तणनाशक मारतात. तरोटा शोधाले मले पार नाल्यापर्यंत जावं लागलं.

नितीनं गावरान कोंबड्या पाळल्या. करण त्यायच्या मागं फिरते, अंडी गोळा करते. टोपी आणि काळा गॉगल घालून कोंबड्यायमागं पळते तवा तांड्यातल्या बाया हसतात. पण हात रिकामे त्याले जमत नाही. कारखान्याच्या शेडवर चढणारं पोर, सकाळ झाली की हात चोळत बसे.

एक इचारू? तुह्या पत्रात भाऊजींचं एक अक्षर नाही. रागावले असतील तर रागावू दे, रागावण्यासारखंच आमच्याकडून झालं. पण तब्येतीचं तरी लिहित जा. ते बिडी अजून तेवढीच ओढतात का?

रुखमा


धनज, तांडा
३० ऑगस्ट २०२४

गोमती,

तीज झाली. पोरीयनं टोपल्यात गहू पेरले, नाचल्या, बोळवण केली. तू नसलीस की गाणं उचलायले कोणी पुढं होत नाही, सगळ्या एकमेकीच्या तोंडाकडं पाहतात.

करणची दुसरी तपासणी झाली. डॉक्टरीणबाईच्या तक्त्यावरच्या दोन ओळी तो जास्त वाचू लागला. मी तिले इचारलं, भाजीनं झालं का? ती खरी बाई हाय. म्हणे, विश्रांतीनं झालं की खाण्यानं, ते मले सांगता येणार नाही, बहुतेक विश्रांतीनंच. पण खाणं सोडू नका, हा डोळा अजून पन्नास वर्षं वापरायचा हाय.

आता जे लिहून राह्यली ते नीट वाच, आणि मले खरं काय ते लिही.

तीजेसाठी आपल्या तांड्यातला सोमला तुमच्या चाकणहून घरी आला. आपल्या ओट्यावर बसला, चहा घेतला, आणि भाऊजींची गोष्ट काढली. म्हणे, प्रेमसिंग आता मोठा माणूस झाला. स्टँडवर मी त्याच्या समोर जाऊन राम राम केला, तर त्यानं तोंड फिरवलं आणि बाजूच्या भिंतीकडं पाहून बोलला. तांड्याच्या माणसाले ओळख द्यायची त्याले लाज वाटते.

करणच्या बापूले तेवढंच पाहिजे होतं. मले म्हणे, आयकलं? माहं बोलणं आता तरी पटलं का?

करण कोंबड्यायले मका टाकत होता. त्यानं हातातलं खाली ठेवलं आणि ओट्यापाशी आला. म्हणे, "बापू, काकानं तोंड नाही फिरवलं. मी बी असाच पाहतो."

करणचे बापू काही समजले नाहीत. करण त्यायच्या पुढ्यात बसला. म्हणे, उन्हाळ्यात मी तुमच्याकडं सरळ पाह्यलं की तुमचं तोंडच दिसत नव्हतं. कान दिसत, पागोटं दिसे, मधात नुसता धूर. नजर जरा बाजूले टाकली की मंग तोंड दिसे. तुमाले वाटे, पोरगं रुसलं, बापाच्या तोंडाकडं पाहत नाही. तुमी माह्यावर चिडत होते, मी तुमालेच पाहत होतो.

सोमला चहाचा कप तसाच ठेवून उठला. करणचे बापू ओट्यावरून उठले. मंग वावरात गेले. वावरात त्या दिवशी काही काम नव्हतं.

गोमती, ज्या माणसानं माह्या पोराले काच उचलून टाका मारायले शिकवलं, त्यानं सोता पंचवीस वर्षं तसंच काम केलं. हे आमच्या एकाच्या बी ध्यानात आलं नाही. आठवते, भाऊजी पहिल्यांदा काम शिकून आले तवा तांड्याच्या देवळाले गेट बनवलं होतं? सगळा तांडा पाहाले जमा झाला होता. ठिणग्या उडत होत्या आणि आपण बाया पदर तोंडावर धरून त्यातूनच पाहत होतो. त्या रात्री त्यायचे डोळे सुजले तर तू बटाट्याच्या चकत्या कापून डोळ्यावर ठेवल्या. पुढं करण तुमच्याकडं राह्यला तवा दोघायच्या बी डोळ्यावर ठेवत होती, असं तो सांगते. काका-पुतण्या बाजूबाजूले झोपून, डोळ्यावर बटाटे, आणि तू त्यायच्याशी गोष्टी करत बसलेली. करण ते सांगते तवा हसते. मी हसत नाही आता.

भाऊजींले किती दिसते? खरं लिही.

रुखमा


धनज, तांडा
२१ सप्टेंबर २०२४

गोमती,

तुहं पत्र मी एकटीनं वाचलं नाही. नितीले सगळ्यायसमोर वाचाले लावलं. लपवायचं लय झालं या घरात.

भाऊजींले दोन वर्षांपासून समोरचं दिसत नाही, ते हातानं चाचपून गेट जोडत होते, आणि ठेकेदाराले कळलं तवापासून ते तुह्या खानावळीत लसूण सोलत बसतात, हे नितीनं वाचलं तवर करणचे बापू तंबाखू मळत होते. मंग नितीनं पुढचं वाचलं. होळीच्या दिवशी फोन ठेवल्यावर भाऊजी तुले म्हणाले, "दादाचं खरं हाय. माहे गेले ते गेले, पोराचे तरी मी वाचवायले पाहिजे होते." आणि आपल्या डोळ्यायचं दादाले सांगू नको म्हणून तुले बजावलं, कारण दादाले वाटेल हा आता दया मागून राह्यला.

करणच्या बापूनं नितीले पुन्हा वाचाले लावलं. तेवढीच ओळ. मंग तंबाखू तशीच हातात धरून बसले. मी त्यायच्यासंगं संसार केला, त्यायच्या आई-बापाले पोचवलं, पण असं तोंड मी त्यायचं पाह्यलं नव्हतं.

मंग एवढंच बोलले, "त्याले कोण्या डॉक्टरले दाखवलं का?"

तू लिहिलं की भाऊजी दवाखान्यात यायले तयार नाहीत, म्हणतात आता काय उरलं. तर त्यायले सांग, दादानं बोलावलं. माहं नाव घेऊ नको, करणचं घेऊ नको. दादानं बोलावलं एवढंच सांग. तुले खानावळीतून सुटी भेटत नसेल तर त्यायले एकट्याले कारंज्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसवून दे. ड्रायव्हरले सांग, उतरवायले माणसं उभी राहतील.

रुखमा


धनज, तांडा
८ डिसेंबर २०२४

गोमती,

फोनवर भाऊजी तुह्याशी बोलतात, पण ते काय सांगतात ते मी आयकत असते. जेवलो, झोपलो, बरा हाय. त्याच्यापलीकडं त्यायले सांगता येत नाही, म्हणून मी लिहून राह्यली.

ते आले त्या सकाळी करण आणि त्याचे बापू दोघं बी कारंज्याले निघाले. मी म्हटलं मी बी येते, आणि पुढं होऊन ऑटोत बसली. ट्रॅव्हल्स आली. भाऊजी दांडीले धरून उतरले, पाय आधी चाचपून टाकला. केस सगळे पांढरे. तू मले एवढं लिहिलं नव्हतं. करणचे बापू सरळ जाऊन त्यायच्या पुढ्यात उभे राह्यले. एवढ्या महिन्यांचं तोंडात आणावं तरी कसं माणसानं? आणि भाऊजी त्यायच्या खांद्यापलीकडं पाहत उभे. लोक धक्के देऊन जात होते आणि हे दोघं तसेच.

मंग भाऊजींनी हात पुढं केला, छातीले लागला, आणि ते म्हणाले, "दादा, समोर नको उभा राहू. जरा बाजूले हो, मंग तू दिसशील."

करणचे बापू बाजूले झाले. एक पाऊल, मंग अजून थोडंसं, जसं देवाच्या फोटोले खिळा ठोकताना इकडं-तिकडं करतो तसं. आणि भाऊजी हसले. म्हणे, मिशा पिकल्या तुह्या. करणच्या बापूनं त्यायची थैली घेतली आणि चालू लागले. त्यायची मान खाली होती. करणनं काकाचा हात धरला. एका अधू नजरेच्या माणसानं दुसऱ्याले रस्ता पार करून आणला, आणि मी मागून गाड्या पाहत चालली.

अकोल्याले नेलं. तुले भाऊजींनी फोनवर सांगतलं की डॉक्टर म्हणे सुधरेल. ते खोटं हाय, गोमती. बाईनं तसं सांगतलं नाही. भाऊजींचा डाग जुना, तो आता जाणार नाही. भाजीनं नाही आणि औषधानं बी नाही. पण बाजूची नजर शाबूत हाय, ती राखता येते. त्यायनं बिडी तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी मागितली, पण करणच्या बापूनं देली नाही. आता मागत नाहीत. बाईनं एक भिंग देलं, त्यानं करणच्या मोबाईलवरचे आकडे त्यायले दिसतात. म्हणून तुले रोज फोन येते.

करण आता बऱ्यापैकी वाचते, बारीक अक्षर सोडून. फॅब्रिकेशनच्या दुकानात कामाले राह्यला, पण झोत पेटवायले नाही, माप घ्यायले आणि गिऱ्हाईक सांभाळायले. तिथल्या पोरायनं काच खाली नाही घेतली तर हा करंट बंद करते. मालक आधी चिडला होता. मंग करणनं त्याले समोर उभं करून इचारलं, तुमच्या शर्टाले किती बटणं हायेत ते मी मोजून दाखवू का? आणि मधातलं एक चुकवलं. तवापासून मालक काही म्हणत नाही.

भाऊजी सकाळी उन्हं चढायच्या आधी वावरात जातात. जुने धुरे त्यायले पायानं ओळखू येतात. तुहं नाव घेऊन सांगतात, इथं गोमती पाय घसरून पडली होती, इथं तिनं साप पाहून ओरडा केला होता. मी म्हणते, ओरडा मी केला होता, गोमतीनं साप मारला होता. मंग दोघं हसतो. करणचे बापू पुढं चालतात आणि आयकत नाही असं दाखवतात.

काल काय झालं ते सांगते आणि पत्र संपवते. हरभरा यंदा चांगला फुटला. मी दळणाले गेली होती. परत येताना नाल्यावरच्या बाया हसून मले म्हणे, जा, तुहा नवरा पाय वावरात काय करून राह्यला. जाऊन पाहते तर करणचे बापू वाकून हरभऱ्याचे शेंडे खुडत होते. धोतराच्या सोग्यात गोळा करत होते. या माणसानं जिंदगीत भाजी खुडली नाही. भाजी खुडणं बायायचं काम म्हणून आपल्या सासऱ्यासारखेच नाक मुरडत आले. मले पाहून ताठ झाले आणि म्हणे, प्रेमसिंगले ही आवडते. लहानपणी आईच्या मागं लागे.

घरी आणून सोगा माह्यासमोर सोडला. निवडायले बसली तर अर्धं गवत. निवडलं, तू सांगतलं तसं भरपूर तेलात केलं, आणि दोघा भावायले एका ताटात वाढलं. आपल्या सासूच्या वेळी वाढायचो तसं.

खानावळवालीले सांग, दुसरी पाहून घे. तुही पेटी आतल्या खोलीत राहील एवढी जागा मी केली हाय. लवकर ये, हरभरा निबर व्हायच्या आधी.

तुही जाऊ,
रुखमा